पाळण्यातला रानमाणूस

हनुमान जयंतीच्या आदल्या संध्याकाळी देवदत्तने आत्याच्या देवघरातला मारुती भिंगाखाली धरला.

"आत्या, हा मारुती नाहीये गं."

जयंतीबाई झांजेत नवी दोरी ओवत होत्या. दरवर्षी जयंतीच्या पहाटे मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत जन्माचं कीर्तन त्याच करायच्या. हा मारुती म्हणजे त्यांच्या सासऱ्यांच्या आजोबांनी वेंगुर्ल्याच्या बाजारातून आणलेलं चांदीचं नाणं, मोठ्या पेढ्याएवढं. त्यावर केसाळ, दणकट पुरुष, हातात मुळासकट उपटलेलं झाड. घराण्यात तो मारुतीच. जन्माला सोसायटीच्या मंडपातही पाळण्यात मूर्ती नाही, हेच नाणं निजवायचं, अशी रीत.

"जर्मनीतल्या कुठल्याशा ड्यूकचं नाणं आहे, तीन-चारशे वर्षांपूर्वीचं. हा त्यांच्या दंतकथांतला रानमाणूस. शेपूट दाखव बघू."

"झाडामागे असेल."

"आत्या!"

"बरं, नसेल."

देवदत्तने कौतुकाने नाण्याचा फोटो माहितीसकट सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि घोटाळा झाला. मंडळाचे अध्यक्ष श्यामकांत लगोलग दारात.

"वहिनी, उद्या पाळण्यात विकतची मूर्ती ठेवू. लोक हसतायत ना. जर्मन माणसाला पाळणा म्हणायचा म्हणजे वाट लागली आपली. नाहीतर कीर्तनाला दुसरं कुणी बघतो."

"बघा की. पाळणा मात्र माझ्या घरचा आहे."

रातोरात दुसरं कोण मिळणार? पहाटे जयंतीबाईच नारदाच्या गादीवर उभ्या राहिल्या. पाळण्यात श्यामकांतांनी आणलेली गुलाबी मूर्ती आधीच बसवलेली.

"ग्रुपवर वाचलंत ते खरं आहे," त्यांनी नमनानंतर सरळ सांगून टाकलं. "हा परमुलखातला रानमाणूस. शेपूट नाही, मीही शोधली." मंडपात हशा. "पण आमच्या घरातल्या बायकांनी याला शेंदूर लावला, याच्याकडे बघत बाळंतपणं निभावली. देव काय छाप बघून येतो? डोंगर उचलणारा आमचा बाळ, तो परक्याच्या अंगात राहायला लाजेल? लाजणार असेल तर तसला मला नको. हसायचंय त्यांनी आत्ता हसून घ्या. पाळणा हलल्यावर हसलात तर पोर उठेल."

गुलाबी मूर्ती त्यांनी नमस्कार करून चौरंगावर मानाने बसवली, नाणं दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजवलं. सूर्य वर आला, शंख वाजला. पहिला झोका अध्यक्षांचा. जयंतीबाईंनी दोरी त्यांच्यापुढे केली.

श्यामकांत हात मागे बांधून उभे.

"राहू दे," जयंतीबाई म्हणाल्या. दोरी त्यांनी स्वतःच ओढली आणि नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत पाळणा धरला.