नाताळचं ताट

“सांगून आलो मामाजीले! समद्या गाडीतळासमोर सांगतलं. म्हनलं, आज आमचा नाताळ, प्रीतीचा सन. पुरन शिजून राहिलं, जेवाले या!”

खुशालराव दारातूनच ओरडला आणि मनकर्णेच्या हातातलं लाटणं थांबलं.

“समद्यायसमोर?”

“मंग! चोरी हाये का काही?”

तिला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला, पण हात पिठानं भरलेले होते. आणि दारातला हा माणूस इतका खुशीत होता, की त्याला बोलायचं तरी काय! खुशालरावाच्या पोटात पाप नव्हतं आणि डोक्यात पुढचा विचार नव्हता. अशा माणसाशी भांडता येत नाही, हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकली होती.

खुशालरावाचे मामाजी म्हणजे तिचे वडील जानराव, चांदूर बाजाराकडचे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. दर हंगामात ते कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला यायचे, लेकीच्या ओट्यावर टेकायचे, पाणी मात्र आपल्याच तांब्यातलं प्यायचे. वर म्हणायचे, “नातवाचं तोंड दिसू दे मने, मंग पाय. तुहं मडकं पुसून खाईन मी.” अशी एकामागून एक वर्षं गेली. ओट्यावरून उठून गेलेल्या बापाची जागा सारवताना मनकर्णा रडायची.

लेकरू झालं ते यंदाच्या पोळ्याला. पण त्याच्या वर्षभर आधी खुशालराव ख्रिस्ती झाला होता. पटकीच्या साथीत घरच्यांनी त्याची आशा सोडली, तेव्हा पाद्रीसाहेब त्याच्या उशाशी बसून राहिले होते. उठून चालायला लागल्यावर त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि नवऱ्यामागून मनकर्णेनंही घेतला. एक अडसर निघाला तोवर दुसरा लागला होता: बाटलेल्या घरचं खाल्लं तर बापाची जात जाणार होती.

तरी तिनं बेत केला होता. काल विहिरीवर बाबा भेटले. तिच्या कडेवरच्या लेकराकडं पाहून त्यांचे डोळे भरून आले. तिनं हळूच म्हटलं, “उद्या दुपारी मांगच्या दारानं या. कोनाले दिसनार नाई.” बाबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मान हलवली. त्या एका होकारावर ती रात्रभर जागी होती. आणि सकाळी नवऱ्यानं अख्ख्या तळाला दवंडी देऊन ठेवली!

दुपार टळली. मागचं दार उघडंच होतं. खुशालराव प्रार्थना करून पुढच्या दारात उपाशी बसून राहिला.

“येतीन वं मामाजी,” तो म्हणाला. “आजच्या दिवशी कोनी कोनाले परकं नसते.”

मनकर्णेला हे ऐकवेना. तिनं लेकरू त्याच्या मांडीवर दिलं, ताट वाढलं, वर फडकं टाकलं आणि गाड्यांच्या तळाकडं निघाली.

त्या वर्षी दूरच्या कुठल्याशा लढाईपायी कापसाला सोन्याचा भाव आला होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. जानरावांच्या गाड्या रिकाम्या झाल्या होत्या आणि ते परतीसाठी बैल जुंपत होते. शेजारच्या गाडीवर त्यांच्याच गावचा पुंजाराम पाटील बसला होता.

“बाबा, मी आनलं.”

जानरावांचे हात जुवावरच राहिले. “काहून आली माय?”

“तुमी म्हनलं होतं, नातवाचं तोंड दिसलं का...”

“म्हनलं होतं.”

त्यांनी फडकं बाजूला केलं. पुरणपोळीवर तुपाची धार अजून ओली होती. ते बघतच राहिले.

पुंजाराम खाकरला. “जानराव, माघात शकुनचं लगन हाये. पोराकडचे मलेच पुसतीन. मले खोटं बोलता येत नाई.”

तो दरडावून बोलला असता तर बरं झालं असतं. पण त्यालाही हे बोलताना वाईट वाटत होतं. शकुन मनकर्णेची धाकटी बहीण. तिला हिनंच कडेवर वाढवलेली. खा म्हणावं तर तिचं लग्न मोडतं, आणि खाऊ नका म्हणायला जीभ रेटत नव्हती. मनकर्णा ताट धरून तशीच उभी राहिली आणि तिला हमसून रडू आलं.

“पाटील,” जानराव एकाएकी म्हणाले, “बैलाले तं चालते नं? का त्याचीबी जात जाते?”

पुंजारामनं मान फिरवली. “बैलाले चालते.”

जानरावांनी पोळी उचलली, तुकडे केले आणि पोळ्याला भरवतात तशी दोन्ही बैलांना भरवली. दुसरी भरवली, तिसरी भरवली. प्रत्येक तुकडा तोडताना ते लेकीकडं पाहत होते. ताट रिकामं झालं. त्यांची बोटं पुरणानं आणि तुपानं माखली होती.

“हात धुऊन घ्या जानराव,” पुंजाराम हळूच म्हणाला.

“पेढी नदी लागली का धुईन. अथी पानी कुठी हाये?”

भरलेला तांब्या गाडीला लटकत होता. सगळ्यांना तो दिसत होता. जानरावांनी डाव्या हातात कासरा घेतला आणि गाडी हाकली.

मनकर्णा रस्त्यावर उभी राहून बघत होती. बरीच दूर गेल्यावर जानरावांचा उजवा हात वर उठून तोंडाशी गेला. मिशा पुसल्या, डोळे पुसले, का बोटं चाटली, धुळीत काही कळेना. गाडी वळणाआड गेली.

खुशालराव लेकराला घेऊन दारातच उभा होता. रिकामं ताट पाहून त्याचा चेहरा फुलला.

“जेवले का वं मामाजी?”

“मले दिसलं नाई,” ती म्हणाली, आणि त्याच्या हातातून लेकरू घेऊन आत गेली.