मिटणं विसरलेला डोळा

मित्रांनो, मी एक जुनी भिंगाची काच आहे. घड्याळजी डोळ्याला लावतात ना, काळ्या नळीतली, तीच. मला घासलं कारखान्यात, पण जगणं सुरू झालं ते आमच्या घड्याळजींनी मला भुवई आणि गालाच्या मध्ये धरलं तेव्हा.

सव्वीस वर्षं मी त्या एकाच डोळ्यासमोर काढली. केसाएवढी स्प्रिंग मी त्यांना दोरखंडाएवढी दाखवली. लोक म्हणायचे, "काय हात आहे हो!" हात म्हणे! मी नसते तर त्या हाताने काय केलं असतं? असो. तो डोळा ओलसर होता. माझ्यावर वाफ धरायची, मग ते मला सदऱ्याला पुसायचे.

घड्याळजींना मनाचा एक जुना आजार होता. तरुणपणी त्यांना नसलेली माणसं बोलताना ऐकू यायची. रोजच्या गोळ्यांनी ते आवाज गेले होते. हे त्यांची बायको आणि मनाचे डॉक्टर सोडले तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग त्या डॉक्टरांनी गोळी बदलली आणि डोळा कोरडा पडू लागला. माझ्यावर वाफ धरेना. आधीच काम असं की पापणी हलली तर स्क्रू हरवतो, त्यात वाळू गेल्यासारखं खुपायचं. तो लालभडक, टक्क उघडा डोळा मला टेकलेला असायचा आणि मला त्याची भीती वाटायची.

ते डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. मी खिशात होते.

"कसल्या गोळ्या चालू आहेत का?"

"छे, एकही नाही."

लोक वेडा म्हणतील, ही धास्ती. पण बाईंच्या प्रश्नावरून त्यांनी ताडलं, डोळा गोळीमुळेच सुकतोय. डोळा गेला तर काम गेलं, म्हणून त्यांनी मनाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. बायको डब्यासोबत गोळी द्यायची. हे महाशय ती एका रिकाम्या घड्याळात टाकून झाकण लावायचे. केवढी ती हुशारी!

काही आठवड्यांनी ते एकेक घड्याळ उघडून आत डोकावू लागले. "कोण आहे आत? माझं नाव कशाला घेतोस?" मित्रांनो, मीही आत पाहत होते. नुसती दातेरी चाकं होती. कुणी म्हणता कुणी नव्हतं. पण मी सांगणार कशी?

एका दुपारी बायको डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. दुकानात चाळीस घड्याळं होती आणि एकही टिकटिकत नव्हतं.

"अहो, ही सगळी बंद कशी?"

"गप्प केली मी. तूही हळू बोल. ऐकताहेत ती."

तिने मला हलकेच काढलं. मी निघाले तरी तो डोळा मिटला नाही. मला ठेवताना तिचा हात त्या रिकाम्या घड्याळाला लागला आणि ते खुळखुळलं. तिने झाकण उघडलं. ती ओरडली नाही. तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"चला. या वेळी मी बोलणार."

तिने मनाच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, मग डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनाही. "अहो, हे आधी सांगायचं होतंत!" बाई म्हणाल्या. दोघा डॉक्टरांनी आपसात बोलून गोळी बदलली, थेंब दिले. बरं वाटायला महिने गेले. आता भिंतीवरचं घड्याळ टोला देतं, तेव्हा ते मला काढून डोळे मिटून बसतात. कोपऱ्यातलं एक घड्याळ मात्र त्यांनी अजून सुरू केलेलं नाही. त्याच्याकडे ते फारसं बघत नाहीत.

परवा माझ्यावर पुन्हा वाफ धरली. "आली का कटकट!" म्हणत त्यांनी मला सदऱ्याला पुसलं. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

मित्रांनो, मी सगळं पाहिलं, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे. डॉक्टरांनी विचारलं तर कुठलीच गोळी लपवू नका.