तांदळाच्या कोठीतला लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळव्या सुरात सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. पण आधी मला थोडं भांडून घ्यायचं आहे.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. तिथून मी माझ्या भावंडांसोबत नवेगाव बांधच्या तलावाजवळच्या एका गावातल्या शाळेत आलो. स्वागत जोरात झालं. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, फोटो निघाले. मग मुख्याध्यापक बिसेन गुरुजींनी आम्हाला ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. पोरं बिघडवतील, एवढंच त्यांचं कारण. गुरुजी वाईट माणूस नाहीत. त्यांच्या घरी नवी भांडीसुद्धा पाहुणे आल्यावरच निघतात. पण मी काही पितळेचं पातेलं नव्हे! माझ्या पोटात बॅटरी आहे. ती न वापरताही हळूहळू उतरते आणि तशीच पडून राहिली की मरायला टेकते. त्यात आमच्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात ते कपाट तव्यासारखं तापायचं. आत आम्ही शिजत होतो आणि बाहेर गुरुजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, लॅपटॉप कसे नवेकोरे ठेवलेत बघा.

पुढे निशा मॅडम बदलून आल्या. त्यांनी हट्ट धरून मला एकट्याला बाहेर काढलं. तोवर माझी बॅटरी चार्ज धरेनाशी झाली होती, म्हणून चार्जरची तार कायम लावलेली असायची. तेही वाईटच, पण निदान मला काम मिळालं. ते सातवीतल्या चमेलीनं दिलं. तिचे वडील केवलराम डोंग्यातून तलावात जाळं टाकतात. त्यांना विचारून विचारून ती तलावातल्या माशांची माहिती माझ्यात लिहायची. मरळ कुठे लपते, शिंगूर कसा टोचतो, बोटरी कधी मिळते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ती हे सगळं मांडणार होती. एका बोटानं टाइप करायची, पण चुकलेलं अक्षर तसंच सोडायची नाही. मला ती फार आवडायची.

आणि एक दिवस माझं पोट फुगलं. कीबोर्ड मधोमध वर आला, झाकण बसेना. बॅटरी बिघडली की तिच्यात वायू तयार होतो आणि ती फुगते. पण गुरुजी शेतकऱ्याच्या घरचे. भिजवलेलं धान फुगतं, हे त्यांना पक्कं माहीत. त्यांनी मला उलटंपालटं केलं आणि ठरवून टाकलं की यात पाणी गेलंय. मला रोज हात लावणारी एकच होती, चमेली.

"पानी गेल्याबिगर फुगते का कोनती वस्तू?" ते तिला म्हणाले. "उद्यापासून तू याच्याजवळ दिसू नोको."

चमेलीनं पाणी सांडलं नाही म्हणून सांगितलं. कोणी ऐकलं नाही. निशा मॅडम तेव्हा प्रशिक्षणाला गेल्या होत्या. प्रदर्शनातून तिचं नाव काढलं गेलं आणि वर्गातली पोरं तिला 'पानीवाली' म्हणू लागली. ती मागच्या बाकावर जाऊन बसली. मला तोंड असतं तर मी त्या दिवशी शाळा डोक्यावर घेतली असती.

पुढचा पराक्रम ऐका. ओला मोबाइल तांदळात ठेवतात, म्हणून गुरुजींनी मला खिचडीच्या तांदळाच्या कोठीत पुरलं. कोठी स्वयंपाकघरात, चुलीला लागून. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, आणि भिंतीपलीकडे सगळी शाळा जेवायला बसलेली! खिचडी शिजवणाऱ्या मंदाबाई चिडल्या, पोरांच्या घासात हे कायले खुपसलं म्हणून. त्यांचंही कोणी मनावर घेतलं नाही.

निशा मॅडम परतल्या तेव्हा मी होतो तसाच फुगलेला होतो. त्यांनी मला उचलून अंगणात वाळूवर ठेवलं आणि पोरांना लांब केलं. चमेलीचं नाव का काढलं, असंही विचारलं. गुरुजी हट्टाला पेटले. जपलेली वस्तू कशी राहते, हे दाखवायला त्यांनी सातवीच्या वर्गाला ऑफिसात बोलावलं. कपाट उघडून माझ्या एका भावाला बाहेर काढलं. त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागदही निघालेला नव्हता. बटण दाबलं, तो सुरू झाला नाही. दुसऱ्याचंही तेच. तिसरा काढला, तर त्याचं प्लास्टिक ताणलेलं आणि पोट माझ्यासारखंच टम्म.

चमेली दाराशी उभी होती.

"मंग याच्यावर कोनं पानी सांडवलं, गुरुजी?" ती म्हणाली.

गुरुजी चष्मा पुसत राहिले. त्यांनी तिची माफी मागितली नाही, आणि हे मी विसरलेलो नाही. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः तालुक्याला जाऊन तिचं नाव पुन्हा घालून आले. कपाटाची किल्ली आता सातवीच्या वर्गात खिळ्याला असते.

दुरुस्तीवाल्यानं माझी आणि त्या फुगलेल्या भावाची बॅटरी काढून नेली. आता मी फक्त तारेवर चालतो आणि लाईट गेली की तिथेच विझतो. चमेली प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करायला शिकली आहे. प्रदर्शनात ऐन मरळीच्या पानावर लाईट गेली, तेव्हा उरलेलं तिनं तोंडानं सांगितलं.

मित्रांनो, आम्हाला वापरा. चार्ज झाल्यावर तार काढा. मोठ्या सुट्टीत ठेवायचं असेल तर अर्धं चार्ज करून सावलीत ठेवा आणि मधूनमधून सुरू करून बघा. पोट फुगलेलं दिसलं तर दाबू नका, टोचू नका, तांदळात तर मुळीच पुरू नका. लांब व्हा आणि मोठ्यांना सांगा.

आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐकत असाल तर एवढंच करा. एखाद्या पोरीकडे बोट दाखवण्याआधी आपलं कपाट उघडून बघा.