न लागलेला चटका

“अहो, कुणाचा शर्ट जाळलात?” बायकोने आतून विचारले.

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली आणि कॉलर उलटसुलट करून पाहिली. कापड पांढरेशुभ्र होते. जळली होती ती त्याचीच डावी करंगळी. कॉलर ताणून धरताना ती इस्त्रीखाली गेली आणि त्याला पत्ताही लागला नाही.

बायको बाहेर येताच त्याने हात पाठीमागे लपवला. पण तिच्या नाकाला फसवणे त्याला आजवर जमले नव्हते. तिने हात ओढून घेतला. करंगळी आणि शेजारचे बोट आत वळलेले होते.

कुष्ठरोगाच्या गोळ्या तो नेमाने घेत होता, एवढे तिला ठाऊक होते. मध्यंतरी चट्टे लालभडक सुजले, कोपरात ठणका लागला, हे त्याने सांगितलेच नव्हते. असे झाले तर लगेच या, असे दवाखान्यातल्या सिस्टरने बजावले होते. तो गेलाही होता. पण रांगेत समोरच्या इमारतीतले गिऱ्हाईक बसलेले दिसले आणि हा भला माणूस दारातूनच मागे फिरला. उद्या आपल्याकडे कपडे कोण टाकेल, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी लाज होती, आणि ती लांब बाह्यांच्या शर्टाखालीही झाकली जात नव्हती.

आता बायकोच त्याला घेऊन गेली. सिस्टरने करंगळीला पट्टी बांधली, कोपर चाचपले. तो कळवळला.

“जंतू गोळ्यांनी मरतायत. तुमचंच शरीर त्यांच्यावर तुटून पडलंय, त्यात नस सुजलीय,” ती म्हणाली. “तेव्हाच यायचं होतंत.”

सूज उतरवायच्या गोळ्या सुरू करू, पण हात किती सुधारेल ते आधी तपासू, असे म्हणून तिने त्याला डोळे मिटायला लावले. ती हाताला नायलॉनचा बारीक दोरा टेकवणार, तो टेकल्याचे कळले की हो म्हणायचे. उजवा हात बिनचूक पास झाला.

मग डाव्याची पाळी. बायको शेजारीच होती, तिच्यापुढे नापास व्हायचे त्याच्या जिवावर आले. उजव्या हाताची लय त्याने ध्यानात ठेवली होती. “हो,” तो म्हणाला. “हो.” मग खरे वाटावे म्हणून जरा थांबला. “हो.”

“उघडा डोळे,” बायको हळूच म्हणाली. “त्यांनी अजून सुरूच केलं नाहीये.”

सिस्टर पाठमोरी उभी राहून उजव्या हाताचे लिहून घेत होती. त्याची मान खाली गेली. बायकोने त्याची ती दोन्ही बोटे मुठीत धरली होती. केव्हापासून, ते त्याला कळले नाही.