हाजराबींच्या डोक्यातली दारं

युसुफभाई कुवेतहून कायमचे हर्णेला परतले आणि त्यांना शोध लागला की आपली बायको बोलते. इतकी वर्षं फोनवर ती गोडच बोलायची. फोनवर कोण गोड बोलत नाही? आता ती रोज बोलत होती, आणि तेही एकाच गोष्टीवर: घरामागचं खळं द्यायचं नाही.

त्या खळ्यात हाजराबी बोंबील-बांगडे सुकवायच्या. नवरा परदेशात असताना त्यांनीच ते चोपून सपाट केलं, शेजारच्या सखूला हाताशी धरून सुक्या मासळीचा धंदा उभा केला आणि पार घाटावर गिऱ्हाईक जोडलं. पण सातबारा युसुफभाईंच्या नावावर. त्यांच्या पुतण्याला, अद्नानला, तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. तिथून समुद्र दिसतो म्हणे. बोंबील वाळत घालताना जणू तो दिसत नव्हता!

हाजराबींनी आधी सांगून पाहिलं, मग समजावून पाहिलं, आणि मग एके दिवशी कालवणाचा टोपच आपटला. त्यात वयही आडवं आलेलं. पाळी थांबत आलेली, अंगातून वाफा निघायच्या, झोप उडालेली. याच दिवसांत मुलगी महरीन सुट्टीवर आली. ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूच्या पेशींवर संशोधन करायची.

‘तुझ्या अम्मीला झालंय तरी काय?’ बापाने विचारलं.

महरीन एवढी शिकली, पण नेमकं काय शिकते हे बापाने आजवर विचारलं नव्हतं. पोरगी हरखून गेली. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर तिने पेशी काढली. पेशीच्या आवरणाला बारीक दारं असतात, त्यांतून कॅल्शियम आत जातं आणि पेशी पुढच्या पेशीला निरोप धाडते. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन या दारांवरचा राखणदार. काही पेशींत तो दार जास्त उघडतो, काहींत ओढून धरतो. या वयात राखणदार एक दिवस येतो, चार दिवस दांडी मारतो, मग दारं भलत्या वेळी उघडतात आणि चिडचिड होते. म्हणून अम्मीला जरा समजून घ्या, ती म्हणाली. आता, हे उंदरांच्या पेशींत दिसलेलं आहे, आणि त्यावरून माणसाच्या रागाचं कारण ठरवता येत नाही, हेही सांगायचं होतं. पण बाप इतका मन लावून ऐकत होता की तेवढं वाक्य तिने गिळलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

युसुफभाईंनी मात्र समजून घेतलं. इतकं, की बंदरावर मासळीच्या लिलावाला जमलेल्या निम्म्या माणसांना समजावून आले. दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. या गोळ्यांचा त्या दारांशी काही संबंध नाही, असं महरीनने सांगितलं, तर म्हणाले, नसू दे, हाडांना तरी उपयोग होईल. बायकोवर आवाज चढवणं त्यांनी सोडलं. ती म्हणाली, खळं द्यायचं नाही, की हे म्हणायचे, होय गो, होय, आणि उठून पंखा मोठा करायचे. अद्नानही काकीशी अदबीने वागू लागला. हाजराबींनी आयुष्यात इतका मान कधी पाहिला नव्हता, आणि त्यांचं इतकं कमी कधी कुणी ऐकलंही नव्हतं.

आठ-दहा दिवसांत त्यांचा आवाज खाली आला. मग बंदच झाला. घरात शांतता नांदू लागली आणि महरीनला वाटलं, आपलं शिक्षण कामी आलं. खरंच वाटलं तिला. अभिमान वाटला.

मग एका सकाळी अद्नानचा जेसीबी खळ्यात शिरला. ओले बोंबील चाकाखाली गेले. सखू उरलेली मासळी पाटीत भरत, मेल्यांनो थांबा, म्हणत आडवी आली, पण यंत्राला कुठले कान? महरीन तशीच बापासमोर धावली आणि तोंडाला येईल ते बोलली. अम्मी नाही म्हणत होती, रोज म्हणत होती, तुम्ही ऐकलंत कुठे?

युसुफभाई चिडले नाहीत. त्यांनी मायेने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

‘बाय माझी, ती नाय म्हणाली, की तिच्या डोक्यातली दारं नाय म्हणाली? तूच तर शिकवलंस. आणि आता तुझीपण उघडलेली दिसतात. चार दिवस जाऊ देत, मग बोलू.’

ते अद्नानला दगड कुठे टाकायचे ते दाखवायला निघून गेले. महरीनला संताप आला, रडू आलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बापाचा प्रत्येक शब्द तिचाच होता.

ती मागे गेली. हाजराबी सखूच्या शेजारी बसून बोंबलांवरची माती झटकत होत्या. महरीन पुन्हा ओरडायला वळली तसा त्यांनी तिचा हात धरला.

‘ओरडू नको. ओरडलं की त्यांचंच खरं होतं.’

‘आणि गप्प बसले तर?’

हाजराबींनी एक बोंबील उन्हात धरून पाहिला, वाया गेलेल्या ढिगात टाकला.

‘तर गोळी लागू पडली,’ त्या म्हणाल्या.