जिवंत बाईचं नाव

"मला पुरलंस ते पुरलंस, वर माझं नावही वाटून टाकलंस?"

दार उघडल्या उघडल्या हे. या नाही, बसा नाही. समुद्रकाठच्या बात याम गावातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर मूठभर हाडांची एक म्हातारी दारात काठी रोवून उभी होती आणि यिडिशमध्ये, पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या त्या जुन्या भाषेत, जितकं कडू बोलता येतं तितकं कडू बोलत होती. तिर्त्साची उमेदीची सगळी वर्षं याच भाषेत गेली होती, पण या भाषेत तिच्याशी आजवर कुणी भांडलं नव्हतं. ग्रंथालयातली पुस्तकं भांडत नाहीत.

"लिबमानबाई, मी..."

"डॉक्टर तिर्त्सा अझुलाय. माहीत आहे. रेडिओवर ऐकलं. अंडं खात होते, घास घशात अडकला. तेव्हाच गेले असते तर तुझं पुस्तक बरोबर ठरलं असतं, नाही का?"

जेरुसलेमच्या विद्यापीठात तिर्त्सा हिब्रू आणि यिडिश वाङ्मय शिकवायची, तीही तात्पुरत्या नेमणुकीवर. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची, दर पानगळीत पुन्हा मिळायची, आणि मधल्या काळात जीव टांगणीला. या वर्षी कायमची जागा निघाली होती. तिची सारी भिस्त एका पुस्तकावर होती : क्राइंडल लिबमान या विसरल्या गेलेल्या कवयित्रीच्या समग्र कविता, समोरासमोर हिब्रू भाषांतर, आणि सुरुवातीला तिर्त्साची लांबलचक प्रस्तावना. लेखकांच्या प्रत्येक कोशात लिहिलं होतं की ही बाई बुएनोस आयरेसमध्ये कधीच वारली. तिर्त्सानंही तेच लिहिलं. एवढंच नाही, मुलगी झाली तेव्हा तिचं नाव क्राइंडल ठेवलं. तिच्या माहेरी, पोलंडकडच्या सगळ्याच घरांत, बाळाला गेलेल्या माणसाचं नाव देतात. जिवंत माणसाचं कधीच नाही. ते म्हणजे त्याच्या हयातीतच त्याच्या आयुष्याला हात घालणं. रेडिओवरच्या यिडिश कार्यक्रमात तिनं हे मोठ्या प्रेमानं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मृत कवयित्रीचा फोन आला.

"बस," म्हातारी म्हणाली, आणि एकुलत्या एका बऱ्या खुर्चीवर स्वतः बसली.

तिर्त्सा पलंगाच्या कडेवर टेकली. "पण कोशात..."

"बुएनोस आयरेसला माझ्या नावाची दुसरी एक होती. टोप्या शिवायची. ती मेली आणि तिथल्या पेपरानं मृत्युलेख छापला माझा. काय लेख होता! मी तिथे होते तोवर माझ्या एका ओळीला कुणी बरं म्हटलं नाही. 'स्वयंपाकघरातली कविता' म्हणायचे. आणि त्या लेखात मी अकाली विझलेली ज्योत. म्हटलं, राहू दे असंच. इकडे आले, एका प्लंबरशी लग्न केलं, त्याच्या आडनावानं जगले. तो मला हिब्रूत काहीतरी म्हणायचा, मी ओ द्यायची. मेलेल्या बाईवर कुणी टीका करत नाही."

"मग आता तुम्हाला राग कशाचा?"

"मरण माझं होतं. ते मी हवं तसं वापरलं. नाव कुणाला दिलं नव्हतं." म्हातारीनं साखरेचा खडा दातात धरला आणि त्यावरून ग्लासातला चहा ओढला. पाहुणीला विचारलं नाही. "हे बघ डॉक्टरीणबाई, मृत्यूचा दूत माझ्याइतकाच म्हातारा झालाय. क्राइंडलला उचलून आण, एवढंच त्याला सांगणार. आता पोरींना हे नाव कोण ठेवतं? एक मी, आणि एक तुझ्या पाळण्यात. इथे लिफ्ट नाही. त्यानं जिना चढायचा कंटाळा केला तर? तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?"

"तळमजल्यावर," तिर्त्सा बोलून गेली.

"बघ."

म्हातारीनं ग्लास खाली ठेवला.

"पोरीचं नाव बदल, मग कविता छापायच्या कागदावर सही देते. नाही बदललंस आणि माझी एक ओळ जरी छापलीस तर कोर्टात खेचीन. आणि येशील तेव्हा तिला घेऊन ये. माझं नाव कुणाला चिकटवलंयस ते मला बघू दे."

*

विभागप्रमुख प्रोफेसर अम्नोन शार्फ यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना ते सफरचंद सोलत होते. साल न तुटता निघाली.

"यिडिशवाल्यांना मी नेहमी स्मशानाचे राखणदार म्हणायचो," ते म्हणाले. "पण राखणदार निदान माणूस थंड व्हायची वाट तरी बघतो."

"सर, कोशात चूक होती. सगळ्यांनीच..."

"सगळ्यांनी पोरीचं नाव नाही ठेवलं. तुम्ही ठेवलंत. का? हिब्रूत नावं संपली होती? तुमच्या आजीची भाषा जपायला पाळणा कशाला लागतो, फडताळ पुरतं." त्यांनी फोड तोंडात टाकली. "वल्हांडण सणाच्या सुट्टीनंतर समिती बसेल. त्याआधी त्या बाईची सही माझ्या टेबलावर हवी. नसेल तर पुस्तक का नाही ते मी समितीला सांगेन. आणि मला गोष्टी रंगवून सांगता येतात, हे तुम्हाला माहीत आहे."

हे मात्र तिला माहीत होतं. त्यांची विद्यार्थिनी त्याच जागेसाठी अर्ज करून बसली होती, हेही.

*

घरी वेगळाच न्यायनिवाडा चालू होता. सासूबाई अश्दोदहून रव्याच्या कुसकुसचं पातेलं घेऊन आल्या होत्या आणि ते ओट्यावर ठेवण्याआधीच त्यांनी तोंड उघडलं.

"माझं नाव ठेव म्हटलं तर काय म्हणाली होतीस ग? 'आई, आमच्यात जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत.' आमच्या मोरोक्कोत नातीला आजीचं नाव दिलं की आजीचं आयुष्य वाढतं. पण आम्ही पडलो अडाणी! तू शिकलेली. तू शोधून शोधून मेलेली बाई आणलीस, आणि ती निघाली जिवंत. माझ्यापेक्षा जिवंत!"

"आई, पुरे," तिर्त्साचा नवरा मेइर म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं, हे तिर्त्सानं पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं.

"तू गप रे. तू तेव्हाही गपच होतास."

त्याच आठवड्यात पोरीला ताप आला. बारीकसाच. कान असेल नाहीतर दात असेल, डॉक्टर म्हणाले. पण तिर्त्सा पाळण्यापासून हलेना. ती तशीही डोळ्यांत तेल घालून असायची. द्राक्षाचे उभे चार तुकडे केल्याशिवाय ती पोरीला द्यायची नाही, टेबलाच्या कोपऱ्यांना तिनं कापूस बांधला होता. या सगळ्याला निदान काही कारण होतं. आता ती दुपारी पडदे ओढायची आणि बाहेर फरशीवर पावलं वाजली की उठून दाराची कडी बघायची. मृत्यूच्या याच दूताची टिंगल करणाऱ्या कथांवर तिनं गेल्या वर्षी अख्खं सत्र शिकवलं होतं. वर्ग खदाखदा हसला होता. तीही.

"अगं, तू वाङ्मयाची डॉक्टर आहेस," मेइर म्हणाला.

"म्हणूनच. मला त्या दूताचे सगळे पत्ते माहीत आहेत."

ताप उतरला त्या सकाळी ती म्हणाली, "नाव बदलू या."

मेइरला तिनं सांगितलं, पोरीसाठी. शार्फना फोनवर सांगितलं, सही मिळेल. स्वतःला तिनं काहीच सांगितलं नाही. सासूबाईंनी बोटांची टोकं ओठांना लावून देवाचे आभार मानले, पोरीला उचललं आणि "सुलिका! माझी सुलिका!" म्हणत सगळ्या घरभर मिरवलं. पोर त्यांच्या कानातलं ओढत राहिली.

*

बात यामचे तीन जिने ती पोरीला कडेवर घेऊन चढली. दूत कंटाळेल यात नवल नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

म्हातारीनं पोरीकडे पाहिलं. पोरीनं म्हातारीकडे. दोघींना एकमेकींचं काहीही कौतुक वाटलं नाही.

"कपाळ मोठं आहे," म्हातारी म्हणाली. "टोप्या बसायच्या नाहीत. बदललंस?"

"बदलते आहे. उद्या कचेरीत जाऊन नोंदवायचं आहे. सुलिका."

"हे कुणाचं?"

"सासूबाईंचं."

"मेल्या?"

"नाही. त्यांच्यात चालतं."

"त्यांच्यात चालतं!" म्हातारी खोकल्यासारखं हसली. "म्हणजे तुला जिवंत बाईची अडचण नव्हतीच. अडचण माझी होती. आण तो कागद."

तिर्त्सानं पोरीला गालिच्यावर बसवलं, हातात टोस्टचा तुकडा दिला, काठी तिच्यापासून लांब सरकवली आणि नोकरीच्या अर्जाला जोडायचं, शार्फ यांच्या नावानं लिहिलेलं संमतीपत्र पुढे केलं. म्हातारीनं चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग यिडिशमध्ये, वळणदार, जणू शाळेत बक्षीस मिळायचंय अशी सही केली. फुंकर घातली. कागद मात्र तळहाताखाली दाबून ठेवला.

"आता हाक मार तिला. नव्या नावानं. मला ऐकू दे."

"कशाला?"

"माझी खात्री नको?"

"सुलिका," तिर्त्सा म्हणाली.

पोर टोस्ट चघळत होती.

"सुलिका! इकडे बघ, राणी."

पोरीनं टोस्ट उलटा केला आणि दुसरी बाजू चघळायला घेतली.

"मोठ्यानं," म्हातारी म्हणाली. तिला मजा येऊ लागली होती. "घाबरू नकोस, शेजारी बहिरे आहेत."

"सुलिका!"

पोरीची पाठ तशीच. मऊ, गोल, कुणाचीच नसलेली पाठ. खिडकीतून आलेलं ऊन तिच्या मानेवर पडलं होतं.

"छान," म्हातारी म्हणाली. "आता ती कुणीच नाही. मला माहीत आहे ते. फार सोयीचं असतं. ओ द्यावी लागत नाही. आणि मी गेले की परत घे हवं तर. माझ्या मयतीला येशीलच. तिथूनच जा कचेरीत."

तिर्त्साच्या डोळ्यांसमोर तो दिवस उभा राहिला आणि त्याच्या अलीकडचे सगळे दिवस : सकाळी उठून पेपरात मयतीच्या चौकटी वाचणारी ती, आणि घरात उधारीच्या नावाची पोर. आणि ही बाई मरावी म्हणून वाट बघणं. मनातल्या मनात, सुसंस्कृतपणे, वर्षानुवर्षं.

"क्राइंडल!" ती ओरडली.

दोन्ही डोकी वळली. एकदम. पोरीचं आणि म्हातारीचं. एकाच झटक्यात, खेळातून कुणी घरी बोलावल्यासारखी. म्हातारीचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. त्या नावानं तिला शेवटची हाक कुणी आणि कुठल्या देशात मारली होती कोण जाणे.

मग तिचा चेहरा पुन्हा मिटला. "माझ्यावर काय ओरडतेस?"

"तुमच्यावर नाही. हिला हाक मारली."

पोर रांगत येऊन आईच्या पोटरीला लागली. तिर्त्सानं तिला उचललं. मग म्हातारीच्या तळहाताखालून कागद ओढून काढला, एका हातानं आणि दातांनी तो फाडला. नीट फाटला नाही, पण सहीचे दोन तुकडे झाले.

"नोकरी जाईल," म्हातारी म्हणाली.

"जाईल."

"शार्फ की कोण तो, तो तुला सोलून खाईल."

"खाऊ दे."

"आणि ही पोर? दूत जर..."

"तिच्या मरणाबद्दल आणखी एक शब्द काढलात तर याद राखा."

"तर काय करशील? पुरशील? ते करून झालंय तुझं." म्हातारी काठी आपटत उठली. "कविता विसर. एक ओळ द्यायची नाही मी!"

"ठेवा. उशाशी घेऊन झोपा."

"जा!"

"जातेच आहे!"

जिन्यावरून उतरताना वरून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. बहुतेक चहाचा ग्लास.

*

शार्फनी गोष्ट खरंच रंगवून सांगितली. समितीतली माणसं डोळे पुसेपर्यंत हसली, असं तिला नंतर कळलं. जागा त्यांच्या विद्यार्थिनीला मिळाली. तिर्त्साला तासावर शिकवायचं काम राहिलं : संध्याकाळचा यिडिशचा वर्ग, त्यात निवृत्त माणसं आणि एक जर्मन मुलगी. छापखान्यात खिळे जुळवून तयार असलेलं पुस्तक मोडलं गेलं. मेइर हळहळला. सासूबाईंनी कुसकुस आणणं बंद केलं, मग पुन्हा सुरू केलं. त्या पोरीला सुलिकाच म्हणतात, मुद्दाम, सुनेच्या देखत. पोर हल्ली त्याही हाकेला वळते.

वल्हांडणानंतरच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी, शब्बाथच्या पवित्र दिवसासाठी सूर्यास्तापूर्वी मेणबत्त्या लावायच्या आधी, फोन वाजला.

"जिवंत आहे का?" पलीकडून, यिडिशमध्ये. ना नाव, ना नमस्कार.

तिर्त्सानं पाळण्याकडे पाहिलं. "आहे. वरचा दात आलाय. तुम्ही?"

"तुझ्या नाकावर टिच्चून."

फोन आपटला गेला.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. कविता, सही, माफी यांबद्दल अवाक्षर नाही. तेवढाच प्रश्न, तेवढंच उत्तर आणि आपटणं. शुक्रवारी दुपार कलायला लागली की तिर्त्सा हातातलं काम सोडून फोनजवळ येऊन बसते. एका शुक्रवारी तो वाजलाच नाही. सूर्य गच्च्यांच्या मागे गेला, मेइर आगपेटी घेऊन उभा राहिला, "अगं, उशीर होतोय" म्हणाला, आणि तिर्त्सानं पहिल्यांदाच स्वतः नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली.

"काय आहे?" अखेर आवाज आला, धापा टाकत.

"जिवंत आहात का?"

"न्हाणीघरात होते! मेलेल्या बाईला आंघोळही करू देत नाहीस!"

या वेळी फोन तिर्त्सानं आपटला. मग तिनं पोरीला उचललं, तिच्या मोठ्या कपाळावर ओठ टेकून ताप नाही ना ते पाहिलं, आणि मेइरला म्हणाली, "लाव आता."