आयव्हरच्या उशाशी

मिनेसोटातल्या त्या गावात माणूस मरायला टेकला, की लुथरन चर्चच्या बायका त्याला सुखासुखी एकटं मरू देत नाहीत. आयव्हरला डॉक्टरांनी घरी पाठवलं त्याच संध्याकाळी पहिली हॉटडिश दारात आली, खिम्यावर बटाट्याचे तुकडे रचून खरपूस भाजलेली. मग येतच राहिल्या. घरचा फ्रीज भरला, शेजारणीचाही भरला. आयव्हरला घोटभर पाणी गिळवत नव्हतं, आणि त्याची बायको इंगा आधार द्यायला आलेल्यांना कॉफी करून करून मेटाकुटीला आली होती.

शिवाय तिथली रीत अशी, की निघतो म्हणून उठायचं आणि दारात उभं राहून तासभर मक्याच्या पिकाबद्दल बोलायचं. आयव्हरच्या उशाशी खुर्ची एकच. तिच्यावर महिला मंडळाची प्रमुख बर्नीस विणकाम घेऊन ठाण मांडून बसलेली. नवऱ्याशी शेवटचे चार शब्द बोलायचे, एवढंच इंगाला हवं होतं, आणि तेवढंच कुणी देत नव्हतं.

"तू जरा पड गं, आम्ही आहोत ना," बर्नीस म्हणायची. नको म्हणणं इंगाला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. त्या गावात ते कुणालाच जमत नाही.

त्या दुपारी नर्स सांगून गेली, आज किंवा उद्या. पाद्री शहरात गेलेले. बर्नीस कॉफी घ्यायला स्वयंपाकघरात आली, तशी इंगा आत जाऊन नवऱ्याला बघून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आयव्हर गेला."

बर्नीसने तिला एका हाताने जवळ घेतलं, आणि दुसऱ्याच क्षणी बाईंच्या अंगात वारं शिरलं. मयताचं जेवण! चर्चच्या तळघरात हॅम कापायचं, पावांना लोणी लावायचं, कॉफीची मोठी भांडी घासायची. आत डोकावायचंही कुणाला सुचलं नाही. या वेळी दारात कुणी रेंगाळलं नाही.

आयव्हरने डोळे किलकिले केले. "गेल्या सगळ्या?"

"गेल्या. तू मेलास म्हणून सांगितलं."

त्याचे ओठ हसण्याइतके हलले. "मग आधी का नाही सांगितलंस?"

ती खुर्चीत बसली नाही, पलंगावर त्याला बिलगून आडवी झाली. बोलायचं खूप ठरवलं होतं, पण नुसती रडली, पोटभर. उजाडताना तो खरंच गेला. कळवायचं कुणालाच नव्हतं, म्हणून ती आणखी थोडा वेळ तशीच पडून राहिली.